हायकूचे मोजमाप

हायकूविषयी लिहायचे बरेच दिवस मनात होते. पण लिहायला बसलो की दर वेळी एक कागद आठवे आणि लेखणी थांबे. तो कागद अजून माझ्याकडे आहे. वहीतून फाडलेले आडव्या रेघांचे पान, त्यावर निळ्या शाईतल्या तीन इंग्रजी ओळी, आणि त्या ओळींच्या डोक्यावर लाल शाईत केलेली माझी दुरुस्ती.

पारोळा तालुक्यातल्या मुलांना इंग्रजी शिकवण्यात माझी नोकरीची सगळी वर्षे गेली. धुळ्याहून जळगावकडे जाणाऱ्या महामार्गावरचे हे गाव बाहेरच्यांना ठाऊक असते ते भुईकोट किल्ल्यामुळे आणि बालाजीच्या रथामुळे. माझ्या वर्गातली निम्म्याहून अधिक मुले आसपासच्या खेड्यांतून एस.टी.ने येत. घरी अहिराणी, वर्गात प्रमाण मराठी आणि माझ्या तासाला इंग्रजी, असा त्यांचा दिवस असे. १९९८ च्या हिवाळ्यात भित्तिपत्रकासाठी मी त्यांना इंग्रजीत हायकू लिहून आणायला सांगितले. त्यामागे काही उदात्त हेतू होता असे नाही. हायकू लहान असतो, त्यात व्याकरणाच्या चुका कमी होतील आणि एका कार्डशीटवर वीसेक कविता मावतील, एवढाच हिशेब. फळ्यावर व्याख्या लिहून दिली : तीन ओळी, पाच, सात, पाच अशी सतरा सिलॅबल, निसर्गाचा उल्लेख असावा. ही व्याख्या मी स्वतः विद्यार्थिदशेत जशी उतरवून घेतली होती तशीच त्यांना उतरवून दिली. आपल्यापैकी बहुतेकांनी ती तशीच शिकली आणि तशीच शिकवली असणार.

शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने आणलेल्या ओळी अशा होत्या. इंग्रजी उच्चार देवनागरीत देतो :

कॉटन ऑन द स्केल—
फादर टेक्स ऑफ
हिज कॅप

काट्यावर कापूस, वडील टोपी काढतात. बस्स. मी बोटांवर मोजले. पाच, चार, दोन. एकूण अकरा. सहा कमी. मुलगा हुशार आहे, पण मोजायचा कंटाळा केलेला दिसतो, असे मनाशी म्हणत मी लाल पेन उघडले आणि त्याच्यासमोरच सहा सिलॅबल भरून दिली :

कॉटन ऑन द स्केल—
माय फादर स्लोली टेक्स ऑफ
हिज ओल्ड डस्टी कॅप

पाच, सात, पाच. हिशेब पुरा. मुलगा कागदाकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, ‘‘सर, अप्पा सावकाश नाही काढत. मागे दुसऱ्यांची गाठोडी थांबलेली असतात.’’ मी म्हणालो, ‘‘अरे, कवितेत चालते.’’ तो पुन्हा म्हणाला, ‘‘आणि टोपी जुनी नाही सर. पोळ्यालाच घेतली.’’ यावर मी हसलो. वर्गही हसला. दुरुस्त केलेली कविता भित्तिपत्रकावर लागली, तिच्याखाली त्याचे नाव सुंदर अक्षरात लिहिले गेले, आणि त्या मुलाने त्यानंतर मला काहीही दाखवायला आणले नाही.

पुढे सात-आठ वर्षांनी विल्यम हिगिन्सन यांचे ‘द हायकू हँडबुक’ (१९८५) हाती आले आणि आपण काय केले ते हळूहळू ध्यानात येऊ लागले. जपानी हायकूतल्या सतरा म्हणजे सिलॅबल नव्हेतच. जपानी माणूस मोजतो त्या घटकाला ‘ओन’ म्हणतात. दीर्घ स्वराचे दोन ओन, शब्दात येणाऱ्या मोकळ्या ‘न्’चा स्वतंत्र एक ओन, आणि द्वित्तातल्या पहिल्या व्यंजनाचाही एक. आपण ज्याला ‘टोक्यो’ म्हणतो ते त्यांच्या तोंडी तो-ओ-क्यो-ओ, म्हणजे चार ओन. निप्पोन हेही चार : नि, प्, पो, न्. इंग्रजीच्या कानाला या दोन्ही शब्दांत दोन-दोनच सिलॅबल ऐकू येतील. म्हणजे सतरा ओनांमध्ये जेवढे बोलून होते, तेवढ्यासाठी इंग्रजीत सतरा सिलॅबल लागतच नाहीत. हिगिन्सन यांच्या हिशेबाने साधारण बारा पुरतात. सतरा भरायची म्हटली तर उरलेल्या जागेत काहीतरी कोंबावे लागते. आणि कोंबायला सर्वांत सोयीचे काय, तर विशेषणे आणि क्रियाविशेषणे. ओल्ड, डस्टी, स्लोली.

अकरा! त्या मुलाला हे काही ठाऊक नव्हते. त्याने फक्त जास्तीचे काही लिहिले नव्हते.

इंग्रजीत या प्रश्नावर पुष्कळ वाद झाले आहेत आणि ते वाद वाचताना करमणूकही होते. सुरुवातीच्या भाषांतरकारांना आपण काय आणतो आहोत याचा नीट अंदाज नव्हता. हॅरल्ड हेंडरसन यांनी १९५८ च्या आपल्या प्रस्तावनावजा पुस्तकात हायकूंची भाषांतरे केली ती पहिल्या आणि तिसऱ्या ओळीचे यमक जुळवून. जपानी हायकूत यमक हा घटकच नाही. आर. एच. ब्लाइथ यांचे चार खंड १९४९ ते १९५२ या काळात निघाले, आणि तिथे ओळी मोकळ्या आहेत. अमेरिकेतल्या हायकू सोसायटीने २००४ मध्ये केलेल्या व्याख्येच्या मजकुरात तर सतरा हा आकडाच नाही. तरीही शाळांच्या पुस्तकांतून पाच-सात-पाच हलत नाही. कारण उघड आहे. ते तपासता येते. कवितेतला क्षण खरा आहे की नाही हे तपासायला शिक्षकाला पंधरा मिनिटे लागतील. सिलॅबल मोजायला पंधरा सेकंद.

पण मोजणारे सगळेच माझ्यासारखे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. रिचर्ड राइट हा कृष्णवर्णीय अमेरिकन कादंबरीकार, ‘नेटिव्ह सन’चा लेखक. आयुष्याच्या अखेरीस फ्रान्समध्ये आजारी असताना त्याने सुमारे चार हजार हायकू लिहिले, आणि ते पाच-सात-पाच मोजून लिहिले. १९६० मध्ये तो गेला. त्यातले निवडक ८१७ हायकू पुस्तकरूपाने यायला १९९८ उजाडले. माझ्या लाल पेनाचे तेच वर्ष, हा योगायोग मला बोचतो. राइटच्या हायकूंत मोजणी अडचण होत नाही. ती त्याला आधार देते. ज्याने आयुष्यभर दणकट कादंबऱ्या लिहिल्या त्याला आपले बोलणे आवरायला एखादे कुंपण हवे असेल. माझ्या विद्यार्थ्याला आवरण्याची गरज नव्हती. तो मुळातच कमी बोलणाऱ्या घरातून आला होता. एकच कुंपण एकाला आधार होते आणि दुसऱ्याला त्याच्या शेताबाहेर उभे करते.

आणि खुद्द जपानी परंपरेचे काय? बाशोची वठलेल्या फांदीवरच्या कावळ्याची प्रसिद्ध कविता सतरांत बसत नाही. तिची मधली ओळ उघड उघड लांब आहे. अशा जादा मापाला त्यांच्याकडे नाव आहे, म्हणजे ती चूक न मानता एक प्रकार मानली गेली. विसाव्या शतकातल्या सांतोका तानेदाने तर मोजणी आणि ऋतुशब्द दोन्ही सोडून दिले आणि तरी त्याला हायकूकार म्हणूनच वाचतात. तेव्हा ‘मूळ नियम’ म्हणून जो सोवळ्यात ठेवला जातो तो मुळातही तेवढा सोवळा नव्हता.

इथे मराठीच्या विद्यार्थ्याला एक गंमत जाणवेल. ओनाच्या जवळ जाणारी वस्तू इंग्रजीकडे नाही, पण आपल्याकडे आहे. ती म्हणजे मात्रा. ऱ्हस्वाची एक, दीर्घाची दोन, जोडाक्षराआधीचे ऱ्हस्व अक्षर गुरू. टोक्यो म्हणजे दोन गुरू, चार मात्रा. निप्पोन : ‘नि’ पुढच्या द्वित्तामुळे गुरू, ‘पोन्’ गुरू, पुन्हा चार. माधव जूलियनांचे ‘छंदोरचना’ ज्यांनी चाळले आहे त्यांना जपानी ओन समजावून सांगायला दोन मिनिटेही लागणार नाहीत, आणि इंग्रजीच्या प्राध्यापकाला, म्हणजे मला, तो समजायला निम्मे आयुष्य लागले. मी शिकवत होतो त्या इमारतीत पलीकडच्या खोलीत मराठीचे सर वृत्ते शिकवत. मधली भिंत मी कधी ओलांडली नाही.

ही गोष्ट लक्षात आल्यावर माझ्यातला मोजणारा पुन्हा जागा झाला. म्हटले, इंग्रजीत जमले नाही ते मराठीत जमेल. त्या मुलाची कविता मराठीत, अगदी बाशोच्या मापाने, सतरा मात्रांत बसवू आणि त्याचे देणे फेडू. ‘काट्यावर कापूस’ एवढे लिहिले आणि मोजले तर अकरा मात्रा. पुढे ‘अप्पांनी’ लिहिले, आणखी सहा. सतरा मात्रा संपल्या आणि टोपी बाहेरच राहिली. आपली भाषा दीर्घ स्वरांनी भरलेली. तिच्या दोन-तीन शब्दांतच सतरा मात्रा सरतात. माप अगदी अचूक होते, पण मराठी त्यात मावत नव्हती.

मग अक्षरे मोजून पाहिली. हिंदीत ही पद्धत चांगली रुजली आहे. डॉ. सत्यभूषण वर्मा यांच्यासारख्या जपानीच्या अभ्यासकांनी तिथे हायकूची चळवळच उभी केली, आणि हिंदी हायकूकार पाच-सात-पाच वर्ण कसोशीने पाळतात. अर्धे अक्षर मोजत नाहीत. मराठीतही आता अनेक जण तसे लिहितात. मी लिहिले :

काटा, कापूस
अप्पांनी हळूच ती
काढली टोपी

मोजून पाहा, चोख पाच-सात-पाच आहे. आणि मधल्या ओळीत बसलेला तो ‘हळूच’ पाहा! इतक्या वर्षांनी, दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या मोजणीत, माझे तेच ‘स्लोली’ दुसरे कपडे घालून परत आले होते. ते दिसल्यावर मी कागद बाजूला ठेवला आणि दोन दिवस त्याला हात लावला नाही.

अक्षरे मोजण्यात आणखी एक फसगत आहे. लिहिताना ‘कापूस’ची अक्षरे तीन, बोलताना अवयव दोनच : का-पूस. शेवटचा अ आपण उच्चारत नाही. ‘हायकू’ हा शब्दही लिहिताना तीन अक्षरांचा, बोलताना दोनांचा. म्हणजे अक्षरसंख्या डोळ्यांना दिसते. आजच्या बोलीच्या कानाला ती ऐकू येतेच असे नाही. अभंगात ती ऐकू येते, कारण अभंग गायचा असतो आणि गाताना प्रत्येक अक्षराला स्वर मिळतो. हायकू कुणी गात नाही.

इथपर्यंत आल्यावर मला शिरीष पै यांचे म्हणणे वेगळ्या रीतीने समजू लागले. शिरीष पै (१९२९–२०१७) यांनी १९७० च्या दशकापासून मराठीत हायकू रुजवला, ‘ध्रुवा’पासून ‘फक्त हायकू’पर्यंत सतत लिहिला, आणि त्यांच्यामुळे मराठी हायकूचा जो घाट ठरला त्यात मोजणी नाही. तीन ओळी, त्यांपैकी दोन ओळींचे यमक, आणि एक क्षण. पूर्वी मी नाक मुरडून म्हणत असे, की जिथे यमक नसते तिथे यमक आणले आणि जिथे मोजणी असते ती टाकून दिली, हा कसला हायकू! इंग्रजी ग्रंथांच्या बळावर मराठी कवींना नापास करण्याची खोड आमच्या जमातीला जुनीच आहे.

पण बाहेरून आलेल्या घाटांशी मराठी नेहमी असेच वागत आली. केशवसुत पुढे काही वर्षे आमच्याच खानदेशात, फैजपूरला शिक्षक होते. त्यांनी १८९२ मध्ये सुनीत मराठीत आणले तेव्हा इंग्रजी सॉनेटची दहा सिलॅबलांची ओळ मोजत बसले नाहीत. शार्दूलविक्रीडित घेतले, एकोणीस अक्षरांचे. ओळ जवळजवळ दुप्पट झाली आणि कुणी हरकत घेतली नाही, कारण मराठी कानाला त्या वृत्ताचा भारदस्तपणा ओळखीचा होता. उलट गझलेच्या बाबतीत सुरेश भटांनी वृत्त, काफिया, रदीफ यांत तसूभर सवलत दिली नाही, आणि तेही बरोबरच केले, कारण गझल चार माणसांसमोर म्हणायची असते. काफिया चुकला तर तो शेवटच्या रांगेतल्यालाही कळतो. दोघांच्या वागण्यात विरोध दिसतो, पण मला तो वाटत नाही. जो नियम ऐकू येतो तो कडकपणे पाळला, जो ऐकू येत नाही तो सोडला.

आणि मराठी कानाला यमक ऐकू येते. इथे, या जिल्ह्यात राहणाऱ्याला ते वेगळे सांगायला नको. जात्यावरची ओवी शब्द वाटेल तसे लांबवते, आखडते, मध्ये ‘गं बाई’ घालून श्वास घेते, पण यमक सोडत नाही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी बोटांवर अक्षरे मोजली असतील असे मला वाटत नाही. त्यांच्या हातात जाते होते आणि कानात यमक. त्यांची गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली ती आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह, आणि त्याच अत्र्यांच्या कन्येने पुढे मराठीला यमकाचा हायकू दिला. हेंडरसनच्या यमकाशी त्याचा संबंध जोडायचा मोह होतो, पण त्याची गरज काय? घरात ओवी असताना यमकासाठी अमेरिकेला कोण जाईल.

म्हणून तिसरा प्रयत्न यमकाचा :

काट्यावरती कापूस
टोपी हातात धरून
उभा माणूस

हा मला आवडला. दोन दिवस आवडला. मराठीच्या एका मित्राला फोनवर म्हणून दाखवला. त्याने ‘वा’ म्हटले. आणि मग पुन्हा तो पोरगा आठवला. सर, अप्पा. त्याने ‘फादर’ लिहिले होते. ‘माणूस’ कुठून आला? कापसाशी जुळतो म्हणून आला. आणि आल्याबरोबर त्याने एका मुलाच्या बापाचा ‘शेतकरी’ करून टाकला, दैन्याने टोपी धरून उभा असलेला, कुणाच्याही कवितेत शोभेल असा. लाल पेनाने मी ‘ओल्ड डस्टी’ लिहून जे केले होते तेच यमकाने अधिक सफाईने केले. तिन्ही प्रयत्नांत माप वेगळे होते, पण दर वेळी मापाने एक असा शब्द आत आणला जो त्या मुलाने पाहिला नव्हता. माझे हायकूविषयीचे मत आता एवढेच उरले आहे की घाट पाळून झाल्यावर आत कोण नवीन येऊन बसले आहे ते बघावे, आणि ते आपण डोळ्यांनी पाहिलेले नसेल तर घाट मोडावा. यमकाने एखादा खरा शब्द सापडवून दिला तर यमकाचे आभार मानावेत. शिरीष पैंच्या चांगल्या हायकूंत तसे होते. माझ्या हायकूत झाले नाही, यात यमकाचा दोष नाही.

आता त्या टोपीविषयी. ते मला सर्वांत उशिरा सुचले आणि सतरा की अकरा या वादापेक्षा ते मोठे आहे.

इंग्रजी वाचक ‘टेक्स ऑफ हिज कॅप’ वाचतो तेव्हा त्याला आदर दिसतो. चर्चमध्ये शिरताना, प्रेतयात्रा समोरून जाताना, बाईशी बोलताना टोपी काढायची ही त्यांची रीत. तेव्हा त्याच्या दृष्टीने ही एका शेतकऱ्याची आपल्या कापसाला दिलेली मानवंदना. सुंदर, थोडी भाविक. आमच्याकडे नेमके उलटे आहे. डोके झाकणे हा आदर. जुना माणूस देवळात टोपी घालून जातो, सोयऱ्यांपुढे बोडक्याने जात नाही. त्याने चारचौघांत टोपी काढली तर एक तर घाम पुसायला, किंवा मग, ‘पगडी पायावर ठेवणे’ हा वाक्प्रचार ज्या प्रसंगातून आला तशा प्रसंगी. खेडा खरेदीचा व्यापारी दारात, मापाडी काट्याशी, ओलाव्याच्या नावाने वजनात किती कपात होणार ते अजून ठरायचे. त्या क्षणी अप्पा टोपी काढतात. मान? विनवणी? घाम? उकाडा तर नसणार, कापूस मोजायचे दिवस थंडीचे.

एकाच हालचालीचे इंग्रजीत आणि पारोळ्यात परस्परविरुद्ध अर्थ होतात. त्या मुलाने इंग्रजी शब्द वापरले, पण टोपी त्याच्या गावचीच होती. हा दुहेरी अर्थ त्याने योजला असे मी म्हणणार नाही. पण इंग्रजीत हायकू लिहिणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांपुढे खरा प्रश्न असा असतो, आणि त्याविषयी मी वर्गात एक शब्द बोललो नाही. मी मोजत होतो.

ऋतूचेही तसेच. जपानी हायकूकारांकडे ऋतुशब्दांचे कोश असतात, साइजिकी म्हणतात त्यांना. कोणता शब्द उच्चारला की कोणता ऋतू उभा राहील हे त्यात नोंदलेले. मी फळ्यावर ‘निसर्गाचा उल्लेख असावा’ असे लिहिल्यामुळे निम्म्या मुलांनी डॅफोडिल आणले होते. आणि यांच्या घरी तर न लिहिलेला कोश होता : मृग, आर्द्रा, हस्त, प्रत्येक नक्षत्राचे वाहन कोणते आणि पाऊस कसा हे त्यांच्या आजीला तोंडपाठ, आखाजी म्हटले की झोके आणि माहेरी आलेल्या मुली, कानबाई म्हटले की श्रावण. ‘काट्यावर कापूस’ या दोन शब्दांत दिवाळी नुकतीच उलटून गेल्याचे दिवस, सावकाराची तारीख आणि बहिणीच्या लग्नाची बोलणी हे सगळे येते. येथल्या वाचकाला. बाहेरच्याला टीप द्यावी लागेल, आणि टीप दिली की हायकू संपतो. यावर माझ्याकडे उपाय नाही.

काही वर्षांपूर्वी बालाजीच्या रथाच्या दिवशी गर्दीत कुणीतरी वाकून पायाला हात लावला. तोच. देह भरलेला, कपाळावर गुलाल. शेती करतो आणि गावात फवारणी पंपांचे दुकान आहे, म्हणाला. अप्पा वारले, तेही सांगितले. मी त्याला घरी नेले. चहा होईपर्यंत कपाटातून तो कागद काढून पुढे ठेवला आणि जे बोलायचे ते बोललो : ओन, सिलॅबल, अकरा कसे बरोबर होते, माझे तीन शब्द कसे खोटे होते. त्याने सगळे ऐकून घेतले. मास्तर म्हातारा झाला की असे बोलतो, अशा समजूतदारपणे ऐकले. मग मी एवढी वर्षे विचारायचे राहिलेले विचारले, की अप्पा टोपी का काढत असत?

त्याने थोडा वेळ कागदाकडे पाहिले. ‘‘माहीत नाही सर. काटा स्थिर होईपर्यंत हातात धरायचे, मग परत घालायचे. मी टोपी घालत नाही, नाहीतर कळलं असतं.’’

निघताना मी म्हटले, कागद घेऊन जा, तुझाच आहे. ‘‘राहू द्या तुमच्याकडे,’’ तो म्हणाला, ‘‘मला पाठ आहे.’’ कोणता पाठ आहे, निळ्या शाईतला की लाल शाईतला, हे विचारीपर्यंत तो जिना उतरून गेला होता. खाली रथ आमच्या गल्लीच्या तोंडाशी आला होता आणि आरडाओरड्यात हाक ऐकू गेली नसती.